नाडी लागत नाही, तरी माणूस चालतो

घरात कुणाला बरं नसलं की आपला हात आधी त्याच्या मनगटाकडे जातो. नाडी लागली की जीव भांड्यात पडतो. पण आज जगात अशी हजारो माणसं आहेत, जी हिंडतात, स्वयंपाक करतात, नातवंडं खेळवतात, आणि त्यांची नाडी मात्र बहुतेक वेळा हाताला लागत नाही. त्यांच्या थकलेल्या हृदयाला पंप जोडलेला असतो. त्या पंपाची गोष्ट आज आपण ऐकू.

हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय दुबळं होतं, रक्त पुरेसं ढकलत नाही. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते, न्हाणीपर्यंत जाणंही जड होतं. औषधांनी पुष्कळांना बरं वाटतं. ज्यांना औषध पुरत नाही, त्यांच्यासाठी हा पंप.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात 1963 साली असा पंप पहिल्यांदा बसवला. तो रुग्ण चार दिवसांत गेला. 1966 साली तिथेच डॉ. मायकेल डिबेकी यांनी मेक्सिकोच्या एका 37 वर्षांच्या बाईला शस्त्रक्रियेनंतर पंप लावला. दहा दिवस पंपानं भार उचलला, तोवर तिचं हृदय सावरलं. पंप काढला आणि ती घरी गेली.

पुढे कित्येक वर्षं पंप चालवणारं मोठं यंत्र खाटेशेजारीच असे. जीव वाचे, पण माणूस दवाखान्यात बांधलेला. 1991 साली बॅटरीवरचा पंप आला आणि हळूहळू रुग्ण पंपासह घरी जाऊ लागले.

ते पंप हृदयासारखे धडधडत आणि लवकर झिजत. डॉ. रिचर्ड वॅम्पलर यांनी इजिप्तमध्ये नळीतला मळसूत्री दांडा फिरवून पाणी वर चढवताना लोकांना पाहिलं होतं. रक्तही असंच सलग ढकलता येईल, असं त्यांच्या मनात आलं. 1988 साली त्यांचा छोटा पंप माणसाला लावला गेला. आजचे पंपही सलग फिरतात. म्हणून तर नाडी लागत नाही.

2001 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचा निकाल आला. हृदय बदलणं शक्य नसलेले 129 रुग्ण त्यात होते. वर्षभरानं पंपवाल्यांपैकी 52 टक्के जिवंत होते, नुसत्या औषधांवरचे 25 टक्के. पण डॉक्टरांनी एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. वर्ष मिळालं, ते गेलं कसं? म्हणून रुग्णांना साधे प्रश्न विचारतात: आंघोळ स्वतः करता का? जिना चढता का? रात्री आडवं झोपता येतं का? पंपानं पुष्कळांची उत्तरं सुधारली.

त्याची किंमतही आहे. पोटातून एक वायर बाहेर येते. तिथली जखम रोज जपायची, नाहीतर पू होतो. पोहणं बंद. रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची, म्हणून रक्तस्रावाची भीती. गाठ झाली तर लकव्याची. दिवसा बॅटरी अंगावर, रात्री वायर विजेला. वीज गेली तर काय, हा विचार उशाशी घेऊनच झोपायचं.

आणि हे सगळं सांभाळतं कोण? बहुतेक घरी बायकोच, नाहीतर आई किंवा लेक. बराच काळ प्रश्न फक्त रुग्णाला विचारले जात. पुढे सांभाळणाऱ्यांनाही विचारू लागले, तेव्हा त्यांची मोडलेली झोप, बांधलेला दिवस आणि काळजी समोर आली.

आपल्या देशातही काही मोठ्या रुग्णालयांत हे पंप बसवतात, पण खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तरी हे प्रश्न आपल्या कामाचे आहेत. कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी आपण दोन गोष्टी विचारू या: माणूस घरी आल्यावर त्याचा दिवस कसा जाईल? आणि त्याला जपणारीचा?