अस्थिमज्जेचा कर्करोग आणि अंगणांतलीं औषधें

पुणें जिल्ह्यांत राजगडाच्या पायथ्याशीं पाली हें गांव आहे. गडाचा पाली दरवाजा त्याच्याच नांवानें ओळखला जातो. सह्याद्रीच्या कुशींतील अशा गांवांना झाडपाला नवा नाहीं. हळद, गुळवेल आणि अंगणांतील सदाफुली यांची ओळख महाराष्ट्रांत लहानपणापासूनच होते. घरांत कोणाला दुर्धर दुखणें जडलें म्हणजे दृष्टि प्रथम या वनस्पतींकडे वळावी, हें स्वाभाविकच होय. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा विरळा कर्करोग अशा दुखण्यांपैकींच एक. निसर्गानें या रोगांत माणसाला काय दिलें आणि काय दिलें नाहीं, याचा इतिहास उद्बोधक आहे.

हाडांच्या आंतील मज्जेंत रक्त तयार होतें. तेथील प्लाझ्मा पेशी रोगजंतूंशीं झगडणारीं प्रथिनें बनवितात. त्यांतील एखादी पेशी बिघडून तिचीच प्रजा बेसुमार वाढली, म्हणजे हाडें पोखरलीं जातात, रक्त कमी होतें आणि निरुपयोगी प्रथिनें अडकून मूत्रपिंडें निकामी होऊं लागतात. पाठदुखी व थकवा हीं आरंभींचीं लक्षणें वयाचीं समजून पुष्कळदां अंगावर काढलीं जातात.

या रोगाच्या पहिल्या सविस्तर नोंदी लंडनमधील आहेत. १८४४ सालीं सारा न्यूबरी ही एकोणचाळीस वर्षांची स्त्री त्यानें मरण पावली. तिला संत्र्याच्या सालीचा फांट, रेवाचिनीची गोळी आणि रात्रीं अफूचें औषध देत. त्याच वर्षीं मॅकबीन नांवाच्या व्यापाऱ्याच्या छातींत कळ उठली. त्याला जळवा लावल्या. पुढें लोह आणि सिंकोनाच्या सालीपासून मिळणारें क्विनाईन दिलें. त्यानें त्याला इतका आराम वाटला कीं, १८४५ च्या उन्हाळ्यांत स्कॉटलंडच्या टेकड्यांवर तो दिवसाचा बराच भाग पायीं हिंडला. परंतु वेदना परतल्या आणि १ जानेवारी १८४६ रोजीं त्याचें निधन झालें. त्याच्याच मूत्रांत डॉ. बेन्स जोन्स यांना जें प्रथिन आढळलें, तें आजहि त्यांच्या नांवानें ओळखलें जातें. मॅकबीनला बरें वाटलें होतें. तो बरा झाला नव्हता. हा भेद या रोगाच्या साऱ्या इतिहासांतून दिसतो.

सदाफुलीची कथा याहून निराळी आहे. मूळच्या मादागास्करच्या या झाडाच्या पानांचा काढा जमैकांत मधुमेहावर घेत. १९५२ सालीं तीं पानें कॅनडांत डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हातीं आलीं. अर्क उंदरांना पाजून कांहीं घडेना; टोंचला तेव्हां साखर उतरली नाहीं, पण रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या आणि मज्जा क्षीण झाली. त्या शोधांतून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन आणि मागाहून व्हिन्क्रिस्टिन हीं औषधें मिळालीं. १९८४ पासून व्हिन्क्रिस्टिन मायलोमाच्या एका प्रसिद्ध उपचारक्रमांत समाविष्ट झालें. पुढें नव्या औषधांनीं तें मागें सारलें. मात्र एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठीं सुमारें ५०० किलो सुकीं पानें लागतात, आणि मात्रा चुकल्यास तेंच विष ठरतें. घरीं पानें उकळून तो गुण येत नाहीं. धोका मात्र येतो.

हळदींतील कर्क्युमिननें मायलोमाच्या पेशी प्रयोगशाळेंत आवरल्या, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु तें आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें उतरतें. २००९ सालीं असें दिसून आलें कीं, हिरव्या चहांतील एक द्रव्य बोर्टेझोमिब या मायलोमावरील प्रमुख औषधाला बांधून त्याचा प्रभाव नाहींसा करतें. गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या मुंबईंतील सहा रुग्णांची नोंद २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणूनच कोणताहि काढा डॉक्टरांना सांगितल्यावांचून घेऊं नये.

मुख्य उपचाराची वाट आतां दूर राहिलेली नाहीं. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथेंच १९८३ सालीं डॉ. सुरेश अडवाणी यांनीं भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण केलें. मायलोमांत आज रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्या त्याला परत देतात. रोग समूळ जात नसला, तरी आयुष्य वाढतें. माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांना १९९८ सालीं हा रोग असल्याचें निदान झालें. मध्यंतरीं तो ओसरला तेव्हां ते पुनः लोकांत वावरूं लागले. २००८ सालीं ते निवर्तले.

या वर्षांना सोबत हवी ती साध्या गोष्टींची: मूत्रपिंडें जपण्यासाठीं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें भरपूर पाणी, ताजें शिजविलेलें अन्न, बेताचें चालणें, जड ओझ्याला नकार, मनाजोगी वेदनाशामकें न घेणें आणि घरच्यांचा धीर. यांनीं रोग हटत नाहीं, पण दिवस सुसह्य होतात. मॅकबीनला टेकड्यांवरचा एक उन्हाळा लाभला. आजच्या रुग्णाला असे अनेक उन्हाळे लाभूं शकतात, मात्र त्यासाठीं औषध आणि आधार या दोहोंना आपापल्या जागीं राहूं दिलें पाहिजे.