शिडाच्या जागी इंजिन
मोरा बंदराचे तांडेल पूर्वी वारा आणि भरती पाहूनच होडी हाकारीत. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५१ ते १९५६ मध्ये, मुंबई राज्यात मच्छीमार होड्यांवर इंजिने चढू लागली. पण इंजिन आणले की काम झाले, असे नव्हते! शीड डोलकाठीवरून होडी ओढते. पंखा पाण्याखालून ढकलतो. म्हणून सरळ कण्याची, रुंद पोटाची सातपाटीची होडी यंत्राला मानवली. इंजिनाचे झपाट्याचे फेरे गिअरपेटीने कमी केले, तरच मोठ्या पंख्याला जोर येई. मागे हटण्याची सोयही तिच्यातच. वारा फुकट होता. डिझेल मात्र जाळे रिकामे आले तरी विकतच घ्यावे लागते. तेव्हा वाचकहो, इंजिन निवडायचे ते होडीचे पोट आणि तांडेलाचे पोट, दोन्ही पाहून!