मृदुकाय संग्रहाच्या नोंदींचे डिजिटायझेशन
शंख, शिंपले, गोगलगायी, कालवे, माकूल असे मृदुकाय (मॉलस्का) संघातील प्राणी निसर्ग-संग्रहालयांत जपलेले असतात. त्यांच्या चिठ्ठ्या, नोंदवह्या व कार्डे यांवरील मजकूर संगणकावर उतरवून तो कोणालाही शोधता येईल असा खुला करणे, म्हणजे या संग्रहाच्या नोंदींचे डिजिटायझेशन. लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम हे या कामाचे एक मोठे उदाहरण आहे. सह्याद्रीतील अनेक गोगलगायींचे शास्त्रीय वर्णन प्रथम ज्या संग्राहकांनी केले त्यांचे संग्रह तेथे असल्यामुळे महाराष्ट्राचाही या कामाशी थेट संबंध येतो.

शंखाचे कवच शतकानुशतके टिकते, पण तो कोठे, कधी व कोणाला मिळाला हे कवच सांगू शकत नाही. ते फक्त सोबतची चिठ्ठी सांगते. चिठ्ठी गेली की नमुना शोभेची वस्तू म्हणून उरतो. ह्यू कमिंग (१७९१–१८६५) हा शिडे शिवणारा कारागीर पुढे त्या काळातील सर्वांत मोठा शंखसंग्राहक झाला. त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटिश म्युझियमने १८६६ साली त्याचे सुमारे ८३,००० नमुने ६,००० पौंडांना विकत घेतले. हे नमुने उघड्या अंगणातून नेले जात असताना वाऱ्याने चिठ्ठ्या उडून गेल्या व एकमेकींत मिसळल्या, अशी कथा सांगितली जाते. कथेतील तपशील वादग्रस्त असला तरी कमिंगच्या अनेक नमुन्यांचे स्थळ आज भरवशाचे मानता येत नाही, हे खरे. कोणत्याही सॉफ्टवेअरने हे नुकसान भरून निघणारे नाही.

ब्रिटिश म्युझियमचा निसर्गविभाग १८८१ साली साउथ केन्सिंग्टन येथील नव्या इमारतीत खुला झाला; तेच आजचे नॅचरल हिस्टरी म्युझियम. तेथील नोंदींत एकाच जातीचे, एकाच ठिकाणी व एकाच वेळी मिळालेले नमुने मिळून एक ‘लॉट’ धरला जातो. एका लॉटमध्ये एकच शिंपला असेल किंवा शेकडो बारीक शंखही असतील. त्यामुळे संग्रहातील नमुन्यांची संख्या आणि संगणकावरील नोंदींची संख्या यांत मोठा फरक पडतो.

जुन्या नमुन्यांचे क्रमांक तारखेसारखे दिसतात. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडोम याच्या संग्रहाचा क्रमांक १९१२.४.१६ पासून सुरू होतो. दुसरा संग्राहक हेन्री गॉडविन-ऑस्टिन याच्या संग्रहाचा क्रमांक १९०३.७.१ असा आहे. या तारखा नमुने वहीत चढवल्याच्या असतात, गोळा केल्याच्या नव्हेत. बेडोमचे निधन १९११ सालीच झाले होते. उतरवणाऱ्याने हा क्रमांक संकलनाच्या तारखेच्या रकान्यात भरला, तर बेडोमने मृत्यूनंतर गोगलगायी वेचल्या असे ठरेल! जुन्या वह्या ओळखणारा माणूस या कामात लागतोच.

स्थळनिश्चिती हा सर्वांत कठीण व सर्वांत मोलाचा टप्पा. चिठ्ठीवर नुसते ‘बॉम्बे’ लिहिलेले असेल, तर ते शहर, जेथून पेटी जहाजावर चढली ते बंदर, की सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला इलाखा? जुन्या इंग्रजी लेखनात सह्याद्रीचे ‘स्याहाद्री’सारखे रूप होते आणि अन्नामलईचे ‘अनामले’. अशा वेळी नकाशावर एखादा बिंदू टोचून मोकळे होणे चूक आहे. आज रूढ असलेल्या पद्धतीत बिंदूभोवती अनिश्चिततेची त्रिज्या नोंदतात. सह्याद्रीत घाटमाथा आणि कोकणतळ यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर असते, पण तेवढ्यात पाऊस, उंची आणि वनस्पती बदलतात. तेथे मोठी त्रिज्या प्रामाणिकपणे लिहिणे हे खोट्या अचूकतेपेक्षा कधीही बरे. चिठ्ठीवरील मूळ शब्द मात्र जसेच्या तसे वेगळ्या रकान्यात राहिले पाहिजेत आणि शक्य तेथे चिठ्ठीचे छायाचित्रही नोंदीला जोडले पाहिजे. पुढचा अभ्यासक आपल्यापेक्षा अधिक जाणणारा असू शकतो.

याचे फळ काय, हे क्रेम्नोकाँकस या प्रजातीवरून दिसते. धबधब्यांच्या तुषारांनी ओल्या राहणाऱ्या कड्यांवर ही छोटी गोगलगाय राहते. तिचे कुल समुद्रकिनाऱ्यावरचे आहे. गोड्या पाण्यात गेलेली ही त्यातील एकमेव प्रजाती असून ती केवळ पश्चिम घाटात आढळते. भूवैज्ञानिक विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड याने १८६३ ते १८७० या काळात तिच्या तीन जातींचे वर्णन केले. त्यांपैकी एकीला सह्याद्रीवरून ‘सायहाड्रेन्सिस’ हे नाव मिळाले. २०१३ साली लंडनच्या याच संग्रहालयातील डेव्हिड रीड व भारतीय शास्त्रज्ञांनी आणखी सहा जाती मांडल्या. त्यांतील एकीचे नाव ‘हनुमानी’. नवी जात नवी आहे हे ठरवायला जुने नमुने व त्यांची स्थळे हाताशी असावी लागतात. ज्या नमुन्यावर जातीचे नाव आधारलेले असते त्या प्ररूप (टाइप) नमुन्याची छायाचित्रे म्हणूनच आधी काढावीत. त्यासाठी भारतातील विद्यार्थ्याला लंडनला जावे लागू नये.

छायाचित्रे लवकर काढण्याला आणखी एक कारण आहे. ओकच्या कपाटांतील लाकूड सेंद्रिय आम्लांची वाफ सोडते व तिने शंखावर पांढरी भुकटी चढून पृष्ठभाग खाल्ला जातो. १८९९ साली बाइन नावाच्या अभ्यासकाने या ऱ्हासाकडे लक्ष वेधले, म्हणून त्याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. प्रत्यक्षात तो रोग नाही, रासायनिक क्रिया आहे. छायाचित्राने ती थांबत नाही, पण नमुन्याची आजची अवस्था तरी नोंदली जाते.

नोंदींची देवाणघेवाण ‘डार्विन कोअर’ या २००९ साली मान्य झालेल्या मानकाने होते. जातींची बदललेली नावे ‘मॉलस्काबेस’ या जागतिक सूचीशी ताडली जातात. संग्रहालयाचे डेटा पोर्टल २०१४ पासून खुले असून त्यातील माहिती ‘जीबिफ’ या कोपनहेगन येथे सचिवालय असलेल्या जागतिक जाळ्यावरही मिळते. संग्रहालयातील सर्व विभागांच्या मिळून सुमारे ८ कोटी नमुन्यांपैकी थोडाच भाग आतापर्यंत उतरला आहे. जीबिफवर नोंदी पाठवणाऱ्या संस्थेचा संपर्क दिलेला असतो. घाटवाटा, वाड्या व ओढ्यांची जुनी नावे जाणणाऱ्या महाराष्ट्रातील अभ्यासकांनी चुकलेली स्थळे तेथे जरूर कळवावीत.