बोलींची पाहणी आणि एक शीर्षक

मराठी बोलींच्या संशोधनाचा इतिहास ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडापासून (१९०५) सांगण्याचा प्रघात आहे. या खंडाने कोकणीला मराठीची बोली ठरवले. त्यासाठीची सामग्री म्हणजे मुख्यतः उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची, सरकारी अंमलदारांमार्फत मागवलेली भाषांतरे. बोलणारा आणि नोंद यांच्यामध्ये कचेरी उभी होती. ॲमस्टरडॅमला १९३० साली स्थापन झालेल्या बोली-कार्यालयाचीही भिस्त टपालाने धाडलेल्या प्रश्नावल्यांवरच होती. मात्र तेथे उत्तरे पाठवणाऱ्यांचे जाळे कायम राखले गेले.

पुण्यात १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभे राहिले आणि भाषाविज्ञानाला घर मिळाले. तेथील सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, तो तिला स्वतंत्र भाषा मानून. कत्रे स्वतः कोकणीभाषक होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

गोवामुक्तीनंतर दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, अ. मा. घाटगे यांच्या पाहणीचा पहिला खंड महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढला. विषय दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोकणी. मालिकेचे नाव मात्र मराठी बोलींची पाहणी. आत ध्वनिव्यवस्था, रूपविचार, उतारे, शब्दसंग्रह अशी संयत मांडणी आहे. ज्याविषयी सर्वाधिक वाद होता ते विधान शीर्षकातच उरकले गेले. प्रकाशक राज्यशासनाची संस्था असल्याने ते निव्वळ वर्गीकरण राहणे शक्य नव्हते. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. शीर्षक जुने झाले. कुडाळी (१९६५), कासरगोडची मराठी (१९७०) यांच्या नोंदी आजही वापराव्या लागतात.

या मालिकेचा ओढा किनाऱ्याकडे होता. याच काळात उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी कादंबरीत आणली होती. ती बोली ‘अस्सल’ आहे, असे म्हणणाऱ्या समीक्षकाजवळ स्वतःच्या कानाखेरीज फारसा आधार नव्हता. तो कान बहुधा पुण्या-मुंबईचा असे.

राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी अलीकडे केलेल्या सर्वेक्षणात गावोगावच्या भाषकांची कथने ध्वनिमुद्रित झाली आहेत. संवादांविषयी लिहिणाऱ्या समीक्षकाला ती आता घरबसल्या ऐकता येतात.