नारदाच्या गादीवर येशूचे आख्यान

गेवराई तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी आणि पश्चिमेस शेवगावची शीव. निजामाच्या अमदानीत हा मुलूख मोगलाईत मोडे, आणि शीव ओलांडून नगर जिल्ह्यात पाऊल टाकले की इंग्रजी अंमल सुरू होई. परंतु अंमल दोन असले तरी हरिदासाची गादी दोहींकडे एकाच रीतीने मांडली जाई. ज्या ख्रिस्ती कीर्तनाची ही कुळकथा आहे, त्याचे मूळ या गादीत शोधावे लागते.

अमेरिकन मिशनरी १८३१ च्या डिसेंबरात अहमदनगरास येऊन राहिले. बाजारात उभे राहून उपदेश करावा, पुस्तिका वाटाव्या, शाळा काढाव्या, हा त्यांचा परिपाठ. आणि उपासनेसाठी बॅलंटाईनसाहेबांसारख्यांनी स्तोत्रे मराठीत आणली, तरी ती बहुधा पाश्चात्त्य चालींवरच म्हटली जात. ऐकणाऱ्यास शब्द कळे, पण मान डोलत नसे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले होते खरे. पण ते पठणाचे पुराण, उभ्याने रंगवायचे आख्यान नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नगरच्या कृष्णराव रत्नोजी सांगळे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरिदासाची ही विद्या उचलली. नमन, पूर्वरंगातील निरूपण, मध्यंतरीचे भजन आणि मग उत्तररंगातील आख्यान, असा नारदीय कीर्तनाचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून त्यांनी पुराणकथेच्या जागी उधळ्या पुत्राची वा योसेफाची कथा बसविली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते तर हाताशी होतीच. बायबलातील दृष्टांत म्हणजे शेतकरी, मेंढपाळ, सावकार आणि दुष्काळ यांच्याच कथा असल्यामुळे त्या या गादीवर परक्या वाटल्या नाहीत.

पण माझ्या मते या कीर्तनाची खरी नवलाई त्याच्या बैठकीत होती. नगर जिल्ह्यातील खेड्यांतून ख्रिस्ती झालेली मंडळी मुख्यतः महार व मांग समाजातील, आणि देवळातील कीर्तन त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले ते बाहेरून. पंढरीत चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे, हे येथे विसरता येत नाही. शब्द, ताल व ठेका कानी पडलेला, पण सभामंडपात जागा नाही, अशा श्रोत्यास आता गादीसमोर पहिल्या रांगेत बसता आले, आणि पुढे त्याच्याच भाऊबंदांपैकी कोणी चिपळ्या घेऊन उभा राहू शकला. धर्मांतराची कारणमीमांसा करणारे दुष्काळातील अन्नावर बोट ठेवतात, आणि १८७६-७८ च्या दुष्काळात अन्नाची गरज होती हे कोण नाकारील? तथापि केवळ धान्यासाठी आलेला मनुष्य पीक आल्यावर रात्र रात्र कीर्तनास का बसे, याचा उलगडा त्या तर्काने होत नाही.

गोदावरीपलीकडे, जालन्यास, मूळचे ब्राह्मण असलेले नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांच्या दिवाणगिरीत बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसविले. तेथील बहुसंख्य मंडळी मांग समाजातली होती. पण तेथे भर जमिनीवर व वसाहतीवर होता, गादीवर नव्हे.

असा खटाटोप आपल्याच मुलखात झाला असे नाही. दक्षिण आफ्रिकेत १८२१ साली निवर्तलेल्या न्त्सिकानाने खोसा लोकांच्या स्वतःच्या गायनरीतीत ख्रिस्ती स्तोत्रे रचली होती, आणि तीही मिशनरींच्या चालींची वाट न पाहता.

नगरकडे या प्रवाहास काव्याची खोली आली ती नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबांच्या मार्गानेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगे, आणि त्याची शंभराहून अधिक पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली. ती रुळल्यावर बॅलंटाईनकालीन विलायती चाली मागे पडत गेल्या; मात्र त्या पुरत्या गेल्या नाहीत, कारण ज्या आजीने लहानपणी त्या पाठ केल्या होत्या, तिला नवा अभंगही गोड लागे आणि जुनी चालही सोडवत नसे.