अग्निबाणाची किल्ली कोणाच्या खिशात?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतील कितीतरी शाळकरी मुले अग्निबाणांच्या नादी लागली. जस्ताची पूड आणि गंधक धातूच्या नळीत ठासायचे, पेटवायचे आणि पळायचे! वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावच्या होमर हिकॅमने पहिल्याच प्रयत्नात आईच्या गुलाबांचे कुंपण उडवले. तो पुढे नासात अभियंता झाला. सर्वांचेच दैव असे बलवत्तर नव्हते. नळी फुटली की तिच्या धारदार कपच्या होत. त्यात बोटे, डोळे, क्वचित प्राणही जात.

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे अग्निबाणांच्या चाचण्यांत काम करणारे हॅरी स्टाइन यांनी या धोक्याविषयी स्पुटनिकच्या आधीच एका मासिकात लिहिले होते. तो लेख नेब्रास्कातील ऑर्व्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या दुकानदाराच्या वाचनात आला. त्यांनी १९५४ मध्ये कागदी नळीचा, हवाई छत्रीने अलगद उतरणारा छोटा अग्निबाण बनवला होता. त्याचे नमुने त्यांनी स्टाइन यांना पाठवले. स्टाइन यांनी ओळखले, की मुलांना इंधन बनवूच द्यायचे नाही. इंजिन कारखान्यातून तयार घ्यायचे. १९५७ मध्येच त्यांनी छांदिष्टांची संघटना उभारली. पुढे ती 'नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री' झाली.

या संघटनेच्या सुरक्षा-संहितेतील उड्डाणापूर्वीच्या सवयी आपण शिक्षकांनी मुद्दाम पाहाव्यात. प्रज्वलन काडीने नव्हे, विजेने करायचे. बटण असे, की बोट काढताच प्रवाह बंद. त्याच मंडलात एकसर जोडणीत एक किल्ली. ती घातल्याशिवाय मंडल पूर्णच होत नाही. म्हणून तारा जोडायला जो वाकतो, किल्ली त्याच्याच खिशात! मग दुसऱ्याने बटणाशी कितीही खेळ केला तरी काही घडत नाही. एकसर जोडणी शिकवायला याहून बोलके उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

लहान इंजिनांसाठी सुमारे ५ मीटर अंतर, मोठ्यांसाठी ९. मोठ्याने आकडे मोजणे. आधाराची सळई डोळ्यांच्या पातळीवर असेल तर तिच्या टोकाला टोपण. (वाकणाऱ्याच्या डोळ्याला ज्वालेइतकाच धोका या निमूट सळईचा असतो.)

आणि अग्निबाण उडालाच नाही तर? आधी किल्ली काढायची, मग ६० सेकंद कोणीही जवळ जायचे नाही. प्रज्वलक आतल्या आत धुमसत असू शकतो. दिवाळीत न उडालेल्या फटाक्यावर लगेच वाकणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत.

आपल्याकडे परवान्याशिवाय दारू बनवणे गुन्हा आहे, तेव्हा शाळेत पाण्याचा आणि दाबलेल्या हवेचा बाटली-अग्निबाणच बरा. त्यालाही मोजणी, अंतर, लांबून ओढायची दोरी हे सारे हवेच. बाटली अडकली तर आधी पंपाजवळच्या झडपेतून हवा सोडायची, मगच पुढे जायचे.