मासाईंची गुरं, विल्डबीस्टची वासरं आणि दोघांचं एकच कुरण

टीव्हीवर सेरेंगेटीचे कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. लाखो विल्डबीस्ट धावतायत, नदीत मगरी टपून बसल्यायत, गवतात सिंह दबा धरून आहे. त्या चित्रात माणूस नसतो, गाय तर नसतेच. त्यामुळे आम्ही वर्गात पूर्व आफ्रिकेचा नकाशा लावतो तेव्हा मुलांना वाटतं, तिथं फक्त जंगली जनावरं राहतात. खरं तर टांझानियाचा उत्तर भाग आणि केनियाचा दक्षिण भाग हा मासाई पशुपालकांचा मुलूख आहे. त्याच गवतावर त्यांच्या गाई, शेळ्या, मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या आहेत.

मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सिंह त्यांच्या गाई खात नाहीत का? खातात की. पण मासाई गुराख्याला सिंहापेक्षा जास्त धास्ती एका शेंबड्या वासराची असते. हे वासरू विल्डबीस्टचं.

वासराच्या शेंबडातला रोग

विल्डबीस्ट हा हरणांच्या कुळातला, पण बैलासारख्या डोक्याचा प्राणी. साधारण फेब्रुवारीच्या आसपास सेरेंगेटीच्या आग्नेयेकडच्या आखूड गवताच्या मैदानावर त्यांच्या माद्या वितात, आणि बहुतेक सगळ्या दोन-तीन आठवड्यांच्या आतच. जागा हीच का? तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दूध पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं. आणि मासाईंच्या दुभत्या गाईलाही तेच हवं असतं.

अडचण अशी की विल्डबीस्टच्या अंगात हर्पिस जातीचा एक विषाणू कायमचा राहतो. त्यांना त्याचं काही होत नाही. मात्र पहिले तीन-चार महिने त्यांच्या वासरांच्या नाका-डोळ्यांतल्या स्रावातून तो बाहेर पडतो आणि गवतावर, पाण्यावर लागतो. तिथं गाय चरली की तिला मॅलिग्नंट कॅटारल फीवर हा आजार होतो. जोराचा ताप येतो, नाक-डोळे वाहतात, बुबुळं पांढरट निळी होतात आणि जनावर जातं. लागण झालेली गाय क्वचितच वाचते, औषध नाही. एका आजारी गाईकडून दुसरीला मात्र हा रोग लागत नाही. म्हणजे आजारी जनावर वेगळं बांधून काही उपयोग नाही. उपाय एकच, विल्डबीस्टच्या वासरांपासून लांब राहायचं.

मासाईंना हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. हा रोग विल्डबीस्टच्या वारेतून येतो असं ते मानत. वॉल्टर प्लॉराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली केनियात विल्डबीस्टच्या अंगातून हा विषाणू वेगळा काढला आणि पुढे कळलं की मुख्य दोष वासरांच्या शेंबडाचा आहे. कारण थोडं चुकलं, पण पथ्य बरोबर होतं. विण्याच्या दिवसांत गुरं मैदानावरून उठवून डोंगराकडे न्यायची आणि वासरं मोठी झाली की परत यायचं. यासाठी औषध लागत नाही, जागा लागते. पुढचा सगळा इतिहास ही जागा कमी होत जाण्याचा आहे.

बुळकांडी: हिंदुस्थानातून गेलेली साथ

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बुळकांडी हा शब्द माहीत असतो. गाई-म्हशींचा हा रोग आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला जवळजवळ नव्हताच. १८८७ साली इटलीच्या फौजेसाठी मसावा बंदरात, म्हणजे आजच्या इरिट्रियात, गुरं उतरवली गेली. ती हिंदुस्थानातून आली होती आणि रोग त्यांच्याबरोबरच आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १८९१ पर्यंत साथ मासाई मुलखात पोहोचली, १८९६ मध्ये तिनं झांबेझी नदी ओलांडली आणि १८९७ मध्ये ती थेट केप प्रांतात गेली. कित्येक ठिकाणी दहातली नऊ गुरं मेली. रानम्हशी आणि विल्डबीस्टही मेले. मासाईंवर त्याच सुमारास गुरांच्या फुफ्फुसाचा रोग, देवी आणि दुष्काळ असं सगळंच कोसळलं. त्या काळाला ते एमुताई म्हणतात, म्हणजे सारं संपवणारा काळ.

गुरं नाहीत म्हणजे चराई नाही, आणि गुराखी गवत जाळतो तेही बंद. मोकळ्या कुरणांवर झुडपं माजली. झुडपात त्से त्से माशी राहते. ती गुरांना नगाना हा रोग देते आणि माणसाला निद्रारोग. रानटी जनावरं पुन्हा वाढली तशी माशीही पसरली आणि अशा जागी गुरं ठेवणं अवघड झालं. जॉन फोर्ड यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला. साहेबांनी ज्याला आदिम, निर्मनुष्य आफ्रिका समजून राखून ठेवलं, त्यातला बराच भाग साथीनं नुकताच ओस पाडलेला होता. आम्हाला या सगळ्या विषयातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि ती टीव्हीवर कधी सांगत नाहीत.

कमजोर झालेल्या मासाईंकडून इंग्रजांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी केनियातली उत्तम कुरणं गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी काढून घेतली. मासाई कोर्टात गेले आणि १९१३ मध्ये हरले. दक्षिणेला मिळालेल्या जागेत गोचीड आणि माशी जास्त आहे, ही त्यांची तक्रार होती.

लस आली, विल्डबीस्ट वाढले

१९५१ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ मध्ये मासाईंना तिथून उठवून शेजारच्या न्गोरोन्गोरो भागात आणलं. इथं गुरं आणि वन्यप्राणी दोघंही राहतील असं ठरलं होतं.

त्याच काळात प्लॉराइट यांनी केनियातल्या मुगुगा इथं बुळकांडीवर स्वस्त आणि टिकाऊ लस तयार केली. या कामासाठी त्यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचली गेली आणि विल्डबीस्टमधली बुळकांडीही थांबली, कारण रोगाचं मूळ गुरांमध्ये होतं. मग विल्डबीस्ट असे वाढले की १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जे अडीच लाखांच्या आसपास होते, ते १९७० च्या दशकाच्या अखेरीला तेरा लाखांवर गेले.

म्हणजे गाईंना लस टोचल्याचा मोठा फायदा विल्डबीस्टला झाला, आणि विल्डबीस्ट वाढल्याचा तोटा गाईवाल्यांना! न्गोरोन्गोरोतलं मैदान ऐन हिरवळीच्या दिवसांत त्यांना वर्ज्य झालं. गुरं उंचावरच्या दमट कुरणांत जास्त दिवस राहू लागली. तिथं गोचीड. कानाला चिकटणारी तपकिरी गोचीड ईस्ट कोस्ट फीवर देते. मासाई त्याला ओलतिकाना म्हणतात. त्यात वासरं मोठ्या संख्येनं दगावतात. एका रोगातून सुटायला गेलं की दुसरा गाठतो, तो असा.

ओलतिकानावर उपाय निघाला, तोही मुगुगातच. जिवंत जंतू टोचायचे आणि सोबतच दीर्घकाळ काम करणारं टेट्रासायक्लिन द्यायचं. जनावर हलकं आजारी पडतं आणि मग त्याला टिकाऊ प्रतिकारशक्ती येते. उत्तर टांझानियातल्या मासाईंनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे टोचून घ्यायला सुरुवात केली, तेही पदरचे पैसे देऊन. पशुपालक नव्या गोष्टींना विरोध करतो, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बुळकांडी तर जगातूनच गेली. तिची शेवटची नोंद २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींत झाली आणि २०११ मध्ये ती संपल्याचं जाहीर झालं.

हजच्या जनावरांवर बंदी

मासाईंच्या ईशान्येला सोमाली आणि बोराना पशुपालक आहेत. सोमाली मुसलमान आहेत, बोरानांतही मुसलमान पुष्कळ. सोमालियाच्या बर्बेरा बंदरातून हजच्या आधी लाखो शेळ्या-मेंढ्या जहाजानं सौदीला जातात आणि कुर्बानी होतात. या व्यापाराचा गळा दोनदा आवळला गेला तो रिफ्ट व्हॅली फीवरमुळे.

१९३१ मध्ये केनियातल्या नैवाशा सरोवराजवळ हा रोग ओळखला गेला. विषाणू डासांच्या अंड्यांत, कोरड्या खोलगट जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतो. मोठा पूर आला की डास उठतात. गाभण मेंढ्या कळपाच्या कळप गाभ टाकतात, कोकरं मरतात आणि आजारी जनावराच्या रक्तातून कापणाऱ्यालाही लागण होते. १९९७-९८ च्या अतिवृष्टीत केनिया-सोमालियात साथ आली आणि सौदीनं १९९८ मध्ये आयात थांबवली. २००० मध्ये रोग सौदी आणि येमेनमध्येच निघाला, तेव्हा पुन्हा बंदी आली. ती २००९ पर्यंत चालली. ज्याच्या कळपात एकही जनावर आजारी नव्हतं, त्याचाही हजचा हंगाम बुडाला.

आज जमिनीचं काय

मासाईंकडे परत येऊ. न्गोरोन्गोरोत १९५९ मध्ये आठेक हजार माणसं होती, आता ती नव्वद हजारांच्या पुढे गेली. सरकार म्हणतं, गर्दी झाली. पण माणशी गुरं उलट घटली आहेत आणि शेतीवर बंदी आहे. २०२२ पासून लोकांना सुमारे ६०० किलोमीटर दूर, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरा इथं हलवणं सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर कुरणाला सरकारी खुंट ठोकले गेले, तेव्हा पोलिसांशी झटापट झाली. लोलिओंडोत १९९२ पासून शिकारीचा परवाना संयुक्त अरब अमिरातीशी संबंधित एका कंपनीकडे होता. कंपनी मुसलमान देशातली म्हणून आपण हे झाकून ठेवावं, असं आम्हाला वाटत नाही.

केनियात उद्यानानं नाही, सातबाऱ्यानं कुरण तोडलं, असं आपल्या भाषेत म्हणता येईल. १९६८ च्या कायद्यानं सामाईक जमिनी गटांच्या नावावर झाल्या, पुढे त्यांचे वैयक्तिक तुकडे पडले, मग तारेची कुंपणं आली. तुकड्यात अडकलेला माणूस विण्याच्या दिवसांत गुरं कुठं नेणार? विल्डबीस्टही कुंपणात अडकतात. मसाई मारामध्ये २००० च्या दशकाच्या मध्यापासून जमीनमालक आपले तुकडे एकत्र करून पर्यटन कंपन्यांना भाड्यानं देतात. पैसे दरमहा येतात, पण चराईच्या अटी ठरवताना घासाघीस चालते, आणि ज्याच्या नावावर तुकडा नाही त्याला त्यात काही नाही.

नैरोबीला लागून असलेल्या किटेंगेलात २००० साली वेगळा प्रयोग झाला. जमीन कुंपणाविना मोकळी ठेवा, विल्डबीस्टना चरू द्या, एकरी वर्षाला चार डॉलर घ्या. पुष्कळ कुटुंबांनी घेतले, त्यातून मुलांच्या शाळेची फी भरली. पण शहर वाढत तिथपर्यंत आलं. प्लॉट पाडून विकणाऱ्याला एकरी काय मिळतं आणि चार डॉलर कुठं, हा हिशोब तिथल्या पोरांनाही येतो.